धोंडू नाखव्याचं म्युझम

तुळशीदास शिमग्याला घरी आला तो गणवेशातच.

वरळीच्या कोळीवाड्यात होळीच्या संध्याकाळी कुणी खाकी घालून फिरत नाही. एरवीसुद्धा जानेवारीतल्या गोळीबारापासून खाकी दिसली की वाड्यातल्या बायका पोरांना आत ओढत होत्या. तुळशीदास हवालदार असला तरी वाड्याचा मुलगा. आजवर तो सणाला यायचा तेव्हा पोलीस लाइनीतून निघतानाच धोतर-सदरा घालून यायचा. आज तो पायात बूट, कमरेला पट्टा अशा थाटात दारात उभा राहिला. मागे त्याची बायको काशीबाई, हातात पुरणपोळ्यांचा डबा घेऊन. रखमाने भावाच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला कळलं, हा सणाला आलेला नाही.

"बस की," पुतळाबाई चुलीपासून म्हणाली. "पट्टा तरी काढ. जेवायला बसणार तो असाच?"

"बसतो आई. विठोबा कुठाय?"

विठोबा, धाकटा, होडीला पताका बांधत होता. बाप गेल्यापासून घरची होडी तोच चालवायचा आणि वाडा त्यालाच नाखवा म्हणायचा. हाताला लागलेला रंग लुंगीला पुसत तो आत आला. भावाचे बूट त्याच्या नजरेतून सुटले नाहीत, पण सण होता म्हणून त्याने ते सोडून दिलं.

"विठ्या, परवा सकाळी मला तुझी होडी पाहिजे," तुळशीदास म्हणाला.

"घे ना. विचारतोस काय? कुठं जायचंय?"

"घोडभाटावर."

घोडभाट म्हणजे वाड्यासमोरचं बेट. बेट म्हणायचं तेवढंच, काळ्या खडकांचा एक उंचवटा. ओहोटीला खडकांच्या रांगेवरून चालत जाता येतं आणि भरतीला होडी लागते. दुसऱ्या लढाईच्या वर्षांत गोऱ्या सोल्जरांनी तिथं तोफ बसवायला दगडी खोली बांधली होती. लढाई संपली, सोल्जर गेले, तोफही गेली. खोली राहिली. त्या खोलीत धोंडू नाखव्याने, या तिघांच्या बापाने, आपलं म्युझम थाटलं होतं.

दर्याने जे दिलं आणि सोल्जरांनी जे टाकलं ते सगळं त्याने तिथं गोळा केलं. दगडी नांगर होते, जुन्या डोलीचे, म्हणजे खोल दर्यात लावायच्या जाळ्याचे, खुंटे होते, फुटक्या पेट्या, डोक्यावरचे लोखंडी टोप, बंदुकीच्या संगिनी, तोफगोळ्यांची पितळेची मोठमोठी टरफलं. शिवाय त्याच्या स्वतःच्या डोलीत अडकून वर आलेली एक गंजकी तोफ. कुठल्या गलबताची, कुठल्या राजाची, कुणालाच ठाऊक नव्हतं. लोक विचारायचे तेव्हा धोंडू सांगायचा, "बुडल्यावर तोफेला राजा नसतो." रविवारी गिरगावातले, दादरचे मास्तर शाळेची पोरं घेऊन यायचे. धोंडू त्यांना एकेक वस्तू दाखवत बेटाची गोष्ट सांगायचा. तो गेला आणि ती गोष्ट सांगायचं काम रखमाकडे आलं. तिचा नवरा लग्नानंतर थोड्याच वर्षांत दर्यात गेला होता. माहेरी परतलेल्या मुलीला बापाने रडत बसू दिलं नाही, हातात फडकं देऊन टोप पुसायला लावले होते. गोष्ट ती तिथेच शिकली.

"घोडभाटावर कशाला?" आता रखमानेच विचारलं.

तुळशीदासने भिंतीला पाठ टेकली. "साहेब येणार आहेत, बंदोबस्ताचे. वर तक्रार गेलीय की तिथं हत्यारं हायत आणि संयुक्त महाराष्ट्र समितीच्या बैठका होतात. तोफ, संगिनी, सगळं उचलून खोलीला सील. होडीची व्यवस्था माझ्यावर टाकलीय. वाडा माझा म्हणून."

"म्हणजे बाबांचं म्युझम रिकामं करायला बाबांचीच होडी," विठोबा म्हणाला. त्याचा आवाज अगदी हळू होता आणि तो तसा हळू बोलला की पुतळाबाईच्या छातीत धस्स व्हायचं. "तुझ्या सायबाला सांग, पोहत ये."

"ऐकून तर घे! मी पाया पडलो रे त्याच्या. म्हणालो, साहेब, गंजलेलं लोखंड हाय, पोरंटोरं बघायला येतात. तेव्हा तो काय म्हणाला ठाऊक हाय? म्हणाला, लोखंडाचं मला काही नाही. तो डबा काढा. डबा काढलात तर मी नुसता येईन, बघेन आणि परत जाईन."

कुठला डबा ते कुणालाही विचारावं लागलं नाही.

जानेवारीत परळला गोळीबार झाला तेव्हा रामदास जाधव गिरणीतून पाळी संपवून घरी येत होता. जेवणाचा डबा काखेत होता. गोळी डब्यातून आरपार गेली आणि मग त्याच्या बरगडीत शिरली. रामदास हा बीडीडी चाळीतल्या कोंडीराम सुभेदाराचा एकुलता एक मुलगा. कोंडीराम पहिल्या लढाईत महार पलटणीत होता आणि त्याला एडनला नेणाऱ्या बोटीवर धोंडू खलाशी होता. बोटीवर पिण्याच्या पाण्याच्या पिंपाला कोंडीरामने हात लावू नये म्हणून भांडण झालं, तेव्हा धोंडूने पिंपातलं पाणी स्वतःच्या हाताने त्याच्या पलटणीच्या बाटलीत ओतून दिलं होतं. तेव्हापासूनची ती दोस्ती. ती पाण्याची बाटली आणि कोंडीरामचा बिल्ला दोन्ही म्युझममध्ये, खिडकीखालच्या फळीवर होती. रामदासचे दिवस झाल्यावर कोंडीराम एकटा चालत बेटावर आला होता. त्याने भोक पडलेला डबा त्या फळीवर, आपल्या बिल्ल्याशेजारी ठेवला आणि म्हणाला, "हितंच असू दे, रखमा." मग एका मास्तरांनी त्यावर पेपरात चार ओळी लिहिल्या आणि बघ्यांची रीघ लागली.

"एक डबा," तुळशीदास म्हणाला. "त्याच्या बदल्यात बाबांचं सगळं वाचतं. मी काही वाईट सांगतोय का?"

"वाईट नाय सांगत," काशीबाईने नवऱ्याची बाजू उचलली. "भावजी, तुमची होडी हाय, दर्या हाय. आमची नोकरी गेली तर लाइनीतली खोली गेली. तीन पोरं घेऊन मी कुठं जाऊ? तुमच्या समितीच्या मंडपात राहू?"

"समितीचा मंडप पोलीस लाइनीपेक्षा बरा, वहिनी. तिथं गोळ्या घालणारे राहत नाहीत."

"विठोबा!" पुतळाबाई ओरडली.

तुळशीदास उठून उभा राहिला. "त्या दिवशी मी गोदीच्या गेटवर होतो. तुला ठाऊक हाय. सगळ्या वाड्याला ठाऊक हाय. तरी रोज पाणी भरायला गेली की हिला बायका टोमणे मारतात. किती दिवस सांगत फिरू मी?"

मग पुतळाबाईने हात पदराला पुसले आणि निवाडा दिल्यासारखं म्हणाली, "डबा आपण घरात आणू. देव्हाऱ्याच्या बाजूला ठेवू. कोंडीरामभाऊ समजूतदार हायत. थोडे दिवस जाऊ दे, वातावरण निवळलं की परत ठेवू. रखमा, तू काढून आण."

विठोबाने बहिणीकडे पाहिलं, तुळशीदासनेही पाहिलं. दोघांनाही ती आपल्या बाजूची वाटत होती. रखमाला बापाचा हात आठवला, फडकं धरलेला, बोटांना गंज लागलेला. तोफ गेली, नांगर गेले, खोलीला सील लागलं, तर उरलेल्या आयुष्याचं काय करायचं हे तिला ठाऊक नव्हतं. मासळी विकणं तिला येत होतं, पण तेवढंच येत होतं असं पुन्हा व्हायला नको होतं.

"ठेवणाऱ्याला विचारल्याशिवाय मी कशालाही हात लावणार नाय," ती म्हणाली. "उद्या कोंडीरामकाकांकडे जाते."

---

धुळवडीच्या दिवशी ती बीडीडी चाळीत गेली. दरवर्षी त्या दिवशी चाळीच्या पटांगणात डफ वाजायचा, पण या वर्षी जमावबंदी होती. शिवाय चाळीचं मन सणात नव्हतं. दोनचार पोरं गुपचूप एकमेकांना रंग लावत होती, तेवढाच सण.

कोंडीराम दाराशी खुर्ची टाकून दाढी करत होता. साठी कधीच उलटली होती तरी पाठ अजून ताठ. आत त्याची सून शैला धान्य निवडत होती. रखमाला पाहून तिने सूप बाजूला ठेवलं आणि पाण्याचा तांब्या आणून दिला. रखमा पाणी प्यायली आणि तिने कशीबशी सगळी हकीगत सांगितली. सांगताना ती शैलाकडे बघू शकत नव्हती.

कोंडीरामने गालावरचा साबण नीट पुसला.

"तुळशीदासनं पाया धरलं म्हणतीस साहेबाचं?"

"हो काका."

"गुणाचा पोरगा हाय. त्याला बोल लावू नगा." त्याने वस्तरा बाजूला ठेवला. "रखमे, म्युझम तुझ्या बापाचं. तुला काढायचा आसंल तर डबा काढ. मी रागावणार न्हाई. पर मग माझी बाटली बी दे आन् बिल्ला बी दे."

"काका!"

"रागानं न्हाई बोलत मी. ऐक. सरकारनं मला पितळंचा तुकडा दिला त्यो तू फळीवर मांडतीस, पोरांना सांगतीस, ह्यो सुभेदार लई शूर व्हता. आन् सरकारनं माझ्या पोराला जे दिलं ते तू झाकून ठिवायचं? बापाचं मांडायचं आन् पोराचं लपवायचं, आसं व्हनार न्हाई. ऱ्हायलं तर दोन्ही ऱ्हाईल, न्हाईतर दोन्ही काढ."

शैला इतका वेळ आतच उभी होती. आता ती उंबऱ्यापाशी येऊन बसली.

"मामंजी परत मागतील, पर मी त्यो डबा घरात घेणार न्हाई," ती म्हणाली. "हितं हुता तवा रोज बघत हुते. घासायला घेतला की बोट भोकात जायचं. तिकडं ठिवला तवापासून मला झोप लागती. तिकडं लोकं बघत्यात. इचारत्यात, कुनाचा, काय झालं? हितं कोन इचारनार? हितं समद्यांना ठावं हाय, आन् समद्यांची तोंडं शिवल्याली हायत." मग ती रखमाचा हात धरून म्हणाली, "तुमचं म्युझम ग्येलं तर मलाबी वाईट वाटंल, बाई. पर त्यो परत आनू नगा."

परतताना रखमा समुद्राच्या कडेकडेने चालत आली. तिला शैलाचा राग येत नव्हता, कोंडीरामचा नाही, भावाचाही नाही. राग आला तो त्या न पाहिलेल्या साहेबाचा. कसला हिशेबी माणूस! तोफेचं काही नाही म्हणे. संगिनींचं काही नाही. साऱ्या खोलीत त्याला भीती कशाची, तर भाजी-भाकरीच्या डब्याची.

घरी आली तेव्हा पुतळाबाई ओसरीवर मासे कापत होती. रखमाने तिला जसंच्या तसं सगळं सांगितलं. पुतळाबाईचा कोयता चालतच होता. मग तो थांबला.

"घोडभाटावर आपली देवी होती, तुला आठवते?" ती म्हणाली. "खडकात बसवलेली, शेंदराची. लढाईत गोरा साहेब आला. चांगला बोलला हो तो, टोपी काढून. म्हणाला, थोडे दिवस देवी दुसरीकडे ठेवा, लढाई संपली की परत आणा. बाबा नको म्हणत होते. मीच म्हणाले, थोडे दिवस तर हायत. ठेवली किनाऱ्यावर, आणि त्या पावसाळ्यात दर्याने नेली ती नेली." तिने कोयत्याच्या पात्यावरचे खवले बोटाने पुसून काढले. "काल मी पण तेच म्हणाले. थोडे दिवस."

"मग काय करायचं, आई?"

"विठोबाला हाक मार. त्याला म्हणावं, उद्या पहाटे डोली किती लांब लावता येतील तेवढ्या लांब लावा. वाड्याची एकही होडी किनाऱ्याला दिसता कामा नये." आणि मग खालच्या आवाजात ती म्हणाली, "तुळशीदासला काही सांगू नको. त्याला ठाऊक नसलेलं बरं. विचारलं तर त्याला खोटं बोलावं लागेल, आणि ते त्याला जमत नाय."

---

साहेब आले तेव्हा वरळीच्या किनाऱ्यावर एकही होडी नव्हती.

साहेब गोरेपान, चष्मा लावणारे, मराठी नीट बोलणारे होते. सोबत चार शिपाई, गुदामातून आणलेले पाचसहा हमाल आणि तुळशीदास. तुळशीदासने रिकामा किनारा पाहिला आणि मान खाली घातली. हमालांच्या मुकादमाने विचारलं, "साहेब, तोफ उचलून ठेवायची कशात?" साहेबांनी तुळशीदासकडे पाहिलं. तुळशीदास म्हणाला, "साहेब, होड्या दर्यात गेल्यात."

"सगळ्या?"

"सगळ्या, साहेब."

ओहोटी लागली होती. साहेबांनी ठरवलं, चालत जाऊ. तोफेचं नंतर बघू. पण बेटाकडे जाणाऱ्या खडकांच्या रांगेवर वाड्यातल्या बायका बसल्या होत्या आणि पूर्ण वाटेवर त्यांनी ओले बोंबील पसरले होते, जुन्या जाळ्यांवर, गोणपाटांवर, नुसत्या खडकावरही. मधोमध पुतळाबाई. आणि सगळ्यात शेवटी, तोंड वाकडं करून, काशीबाई. रखमा बेटावरून खोलीच्या दारातून हे बघत होती. वहिनीला तिथं बसलेली पाहून तिला आपल्या डोळ्यांवर विश्वास बसेना. काशीबाईला कुणी बोलावलं नव्हतं. पहाटे ती लाइनीतून एकटीच आली आणि पाटी घेऊन बसली. सासूने विचारलं तेव्हा एवढंच म्हणाली, "घरात बसून काय करू? हे रात्रभर छताकडे बघत होते."

"बाजूला घ्या हे," साहेब म्हणाले.

"घेते हो साहेब," पुतळाबाई उठली. "पण एकेक उचलावा लागंल. ओला बोंबील हाय. ओढला की तुटतो."

आणि खरोखर ती एकेक उचलू लागली. शेजारणीही उचलू लागल्या, सावकाश, पाटीत नीट मांडून. साहेबांनी जरा वेळ वाट पाहिली, मग पाण्याकडे पाहिलं आणि भरती येईपर्यंत वेळ काढणं चाललंय हे त्यांच्या ध्यानात आलं. ते तसेच मासळीवरून चालत निघाले. दुसऱ्याच पावलाला बूट सरकला. शिपायाने हात दिला नसता तर साहेब दर्यात बसले असते. एकही बाई हसली नाही. त्या न हसण्यानेच साहेबांचा चेहरा लाल झाला.

बेटावर रखमा दारात उभी होती.

"बूट बाहेर काढा, साहेब. सगळे काढतात."

साहेबांनी ऐकलं नाही. ते तसेच आत गेले. मागून शिपाई आले, आणि ते मात्र दारात घुटमळले. त्यातल्या एकाने हळूच चपला काढल्या.

काय बोलायचं ते रखमाने ठरवलं नव्हतं. मग कुणीही आलं की जे ती बोलायची तेच ती बोलू लागली. "हा दगडी नांगर. याला भोक आहे त्यातून दोर जायचा. आमच्या आज्याच्या आज्याच्या वेळचा. ही तोफ डोलीत आली. हा टोप सोल्जरचा, तो इथं तापाने मेला, त्याचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही, म्हणून आम्ही टोप ठेवला."

आपण ऐकत नाही, असं साहेबांना दाखवायचं होतं. पण टोपापाशी ते थांबले, वाकून बघितलं. मग खिडकीखालच्या फळीपाशी आले. पाण्याची बाटली, बिल्ला आणि शेजारी पितळी डबा. एका बाजूला भोक, दुसऱ्या बाजूला त्याहून मोठं, कडा बाहेर उमललेल्या.

"हा इथं कशाला?" साहेब म्हणाले. "बाई, मी तुमचा शत्रू नाही. जुन्या वस्तू जपता, चांगलं करता. पण हे म्युझियम आहे. इथं इतिहास ठेवायचा असतो. हा प्रचार आहे."

"बिल्ला इतिहास आहे का, साहेब?"

"अर्थात."

"तो सरकारने दिला. आणि डब्याला भोक पाडलं तेही सरकारनेच. बाप आणि मुलगा. मी दोघांना एकाच फळीवर ठेवलंय, बाकी काही केलं नाही."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "हवालदार," ते म्हणाले, "तो डबा उचला."

तुळशीदास पुढे आला. रखमा बाजूला झाली. तिला वाटलं, हा उचलेल. वाटलं, उचलला तरी मी याला भाऊच म्हणेन. तुळशीदासचा हात डब्यापर्यंत गेला. झाकणावर धूळ होती, ती त्याने अंगठ्याने पुसली. मग हात मागे घेतला.

"मला जमणार नाही, साहेब."

"काय म्हणालात?"

"जमणार नाही. दुसऱ्या कुणाला सांगा."

साहेबांनी शिपायांकडे पाहिलं. एक छताकडे बघत होता. चपला काढलेला आपल्या पायांकडे. दाराबाहेर बायका येऊन उभ्या राहिल्या होत्या, पाट्या कमरेवर धरून. त्यांच्या मागे पाणी खडकांवर चढायला लागलं होतं.

साहेबांनी स्वतःच हात पुढे केला.

"साहेब, तुमचं नाव सांगता?" रखमाने विचारलं.

"कशाला?"

"डबा गेला की फळीवर जागा रिकामी राहणार. येणारी पोरं विचारणार, इथं काय होतं? पाटी लावावी लागेल. इथं रामदास जाधवचा डबा होता, तो अमुक साहेबांनी नेला. नाव चुकायला नको. तेही इतिहासात जाणार ना?"

साहेबांचा हात फळीच्या कडेवर टेकला आणि तिथंच राहिला. ते वाईट माणूस नव्हते, हे रखमाने पुढे कित्येकदा सांगितलं. त्यांना आपलं नाव त्या रिकाम्या जागेवर दिसलं, आणि ते नको वाटलं, एवढंच.

"संगिनी उचला," ते शिपायांना म्हणाले. "खोलीला कुलूप. सील करा. हवालदार, तुम्ही आजपासून कामावर नाही. लेखी मिळेल."

लाखेचा वास पसरला, कुलूप लागलं. संगिनींची मोळी घेऊन शिपाई आणि साहेब परत निघाले तेव्हा पाणी गुडघ्यापर्यंत आलं होतं आणि साहेबांना चष्मा हातात धरून चालावं लागलं. किनाऱ्याला पोचेपर्यंत बायका गप्प होत्या. साहेब जीपमध्ये बसले, आणि मग पुतळाबाईच्या म्हाताऱ्या, चिरक्या आवाजात पहिली घोषणा उठली, "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र..." पुढचं साऱ्या वाड्याने पुरं केलं.

---

म्युझम बंद झालं. बापाचं सगळं आत अडकलं. विठोबा म्हणाला, कुलूप तोडू. रखमा म्हणाली, "का तोडायचं? डबा आत हाय. आता तो कुणालाच काढता येणार नाय. सरकारनेच त्यावर पहारा बसवलाय."

लाइनीतली खोली गेली. काशीबाई तीन पोरं आणि भांड्यांची गाठोडी घेऊन कोळीवाड्यात आली, आणि दुसऱ्याच दिवशी सासूबरोबर दादरच्या बाजारात मासळी घेऊन बसली. तिला भाव करता यायचा नाही, ती गिऱ्हाइकांवर खेकसायची, आणि का कोण जाणे, तिची पाटी सगळ्यांच्या आधी रिकामी व्हायची. दोघा भावांचं बोलणं मात्र सुरू झालं नव्हतं. एका पंगतीत जेवायचे आणि मीठ आईकरवी मागायचे. पहिल्या रविवारी विठोबाने वल्हं आणून तुळशीदासच्या पुढ्यात टाकलं. "माणसं आलीत घोडभाटावर जायला. भरती हाय. मला डोल शिवायचीय. तू ने."

"बंद हाय ना म्युझम?"

"त्यांना सांगितलं. तरी जायचं म्हणतात."

खरंच माणसं आली होती. आधी मास्तर आणि पोरं यायची. आता गिरणीवाले आले, लालबागचे, परळचे, ठाकूरद्वारच्या दोन बायका आल्या. सील बघायला आले. रखमा कुलूपबंद दारापाशी उभी राहिली आणि जणू दार उघडं आहे अशा रीतीने सांगू लागली. आत गेल्यावर डाव्या हाताला दगडी नांगर, मग तोफ, मग टोप. लोक बंद दाराकडे बघत ऐकत होते. लहान पोरं फटीला डोळा लावत होती.

तिसऱ्या रविवारी तुळशीदासच्या होडीतून कोंडीराम आला. सोबत शैला होती. कोंडीरामने अंगात जुना लष्करी कोट घातला होता. होडीत तुळशीदासचं आणि त्याचं काही बोलणं झालं नसावं. तुळशीदासने हात देऊन म्हाताऱ्याला खडकावर उतरवलं, आणि लांब, माणसांच्या मागे, वल्हं धरून उभा राहिला.

रखमाने सुरुवात केली. नांगर, तोफ, टोप सांगून झालं. "मग खिडकीखाली एक फळी आहे," ती म्हणाली. "फळीवर पाण्याची बाटली आहे. एडनला जाताना बोटीवर..." ती बाटलीची गोष्ट सांगत गेली, बिल्ल्याची सांगितली. आणि पुढे तिच्याने बोलवेना. शैला समोर उभी होती, पदर दातात धरून. इतक्या परक्या माणसांना रखमाने डब्याची गोष्ट सांगितली होती, पण या दोघांना ती आजवर कधी सांगितली नव्हती. वाऱ्याने लाखेच्या सीलची दोरी दारावर आपटत होती.

"बिल्ल्याच्या शेजारी डबा आहे," मागून आवाज आला.

माणसं वळली. तुळशीदास वल्हं तसंच धरून पुढे आला होता. बनियन घामाने भिजलेलं, पाय उघडे.

"रामदास कोंडीराम जाधवचा," तो म्हणाला. "माझ्याहून लहान. आम्ही या खडकांवर चिंबोऱ्या धरायचो. गिरणीतून घरी चालला होता. हातात दगड नव्हता, काखेत डबा होता. पोलिसांनी गोळी घातली." मग कोंडीरामकडे बघत, न अडखळता, स्पष्ट म्हणाला, "आमच्या पोलिसांनी. मी पोलिसात होतो तेव्हा."

शैलाने पदर दातातून सोडला आणि हमसून रडू लागली. चाळीत इतके महिने ती रडली नव्हती.

कोंडीरामने तुळशीदासकडे पाहिलं. मग पुढे आला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"म्होरं सांग," तो म्हणाला. "मानसं थांबल्यात."